चावी आत, दरवाजे लॉक : गाडी न बिघडवता कशी उघडायची

प्रश्न असा आहे : चावी गाडीत राहिली, सेंट्रल लॉक लागलं, दुसरी चावी घरी आहे आणि घर दोन-अडीच तासांवर. पट्टी किंवा तार घालून दरवाजा उघडता येतो का? कुठली साधनं लागतात, आणि गाडीचं नुकसान कशाने होतं?

पट्टीचं उत्तर आधी देतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिनेच होतं. सध्याच्या कुठल्याही गाडीत काचेच्या बाहेरच्या बीडिंगमधून (रबरी पट्टीमधून) दरवाजाच्या पोटात पट्टी, तार, फुटपट्टी काहीही घालू नका. काम करायचं ते काचेच्या वरून, दरवाजाच्या फ्रेमच्या कोपऱ्यातून. तेही बाकीचे सोपे मार्ग संपल्यावरच. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने सांगतो.

अपवाद एकच. आत लहान मूल, वृद्ध माणूस किंवा जनावर असेल आणि इंजिन बंद असेल, तर हा क्रम सोडून द्या आणि थेट काच फोडण्याच्या भागाकडे जा. उन्हातल्या बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी वाढतं. काच बोटभर खाली असली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. अशा वेळी चावीवाल्याची वाट बघायची नसते.

आधी हात न लावता

चारही दरवाजे आणि डिकी एकेक करून ओढून बघा. सांगायची गोष्ट वाटत नाही, पण घाबरलेला माणूस ड्रायव्हरच्या दरवाजाशीच झटत राहतो आणि मागचा डावा दरवाजा नीट न लागल्यामुळे उघडाच असतो. हॅचबॅकची डिकी उघडली तर मागच्या सीटची पाठ पाडून आत जाता येतं. काही गाड्यांत पाठ पाडायचा खटका फक्त सीटच्या वरच्या बाजूला असतो. डिकीतून हात घालून तो सापडतो.

गाडी कनेक्टेड असेल तर फोनवरून दरवाजा उघडतो. ह्युंदाईचं ब्लूलिंक, कियाचं कनेक्ट, एमजीचं आय-स्मार्ट यांत ही सोय आहे. मात्र सबस्क्रिप्शन चालू हवं, पिन आठवायला हवा आणि मुख्य म्हणजे गाडीलाही नेटवर्क मिळायला हवं. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा घाटात तुमच्या फोनला रेंज असते पण गाडीतल्या सिमला नसते, म्हणून आज्ञा जात नाही. दहा मिनिटं थांबून पुन्हा पाठवा. अ‍ॅप घरच्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर असेल तर त्याला फोन करा, तो घरबसल्या उघडू शकतो.

पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का ते बघा. नव्या गाडीला कंपनीची ही सेवा बहुतेकदा असतेच, आणि लॉकआउट, म्हणजे गाडीबाहेर अडकणं, त्यात सहसा धरलेलं असतं. येणारा माणूस आरसी मागेल, आणि मागायलाच हवी. कागद गाडीतच असतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी दाखवा, ती ग्राह्य असते. मालकीचा पुरावा न विचारता दरवाजाला हात घालणारा चावीवाला उद्या तुमचीही गाडी दुसऱ्या कुणाला उघडून देईल.

चावी हातात आहे, तरी गाडी उघडत नाही

लॉकआउटच्या तक्रारींतला मोठा भाग असा असतो आणि त्यात कुठलंच साधन लागत नाही. पुश-बटणाच्या गाडीचा स्मार्ट रिमोट मेला की माणूस गाडीबाहेर अडकतो. प्रत्यक्षात त्या रिमोटच्या पोटात धातूची चावी असते. कडेचा छोटा खटका दाबून ओढली की ती बाहेर येते. तिचं भोक ड्रायव्हरच्या हँडलवर असतं. बऱ्याच गाड्यांत ते प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. हँडल पूर्ण बाहेर ओढून धरा, टोपीच्या खालच्या बाजूला बारीक खाच असेल तिथे त्याच चावीचं टोक घालून हलकं उचला, टोपी निघते.

ही भोकं वर्षानुवर्षं वापरली जात नाहीत. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत, अलिबागपासून पणजीपर्यंत, आतल्या पितळी पत्र्या आणि स्प्रिंगा जाम होतात. चावी आत जाते पण फिरत नाही. पक्कड लावून फिरवू नका, रिमोटमधली चावी पातळ असते आणि मानेपाशीच तुटते. तुटलेला तुकडा आत राहिला की काम तिपटीने वाढतं. ग्रॅफाइटची पूड किंवा लॉकसाठीचा कोरडा स्प्रे थोडासा मारा, चावी दहा-पंधरा वेळा नुसती आत-बाहेर करा, मग दोन्ही दिशांना हलका जोर देऊन बघा. पेन्सिलचं शिसं घासून त्याची पूड चावीवर चोळली तरी बऱ्याचदा भागतं. खाण्याचं तेल किंवा इंजिन ऑइल घालू नका. आज फिरेल, पण त्यावर धूळ बसून चार महिन्यांत आणखी घट्ट होईल.

अशा चावीने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, कारण गाडी लॉक करताना रिमोटने केलेली असते. घाबरू नका. आत बसा, मेलेला रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून त्यानेच बटण दाबा. रिमोटमधली चिप सेलशिवायही जवळून वाचली जाते, बहुतेक गाड्या अशा सुरू होतात आणि अलार्म थांबतो. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. मग सेल बदला. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो, काहींत त्याहून लहान. जुना काढून दुकानात दाखवणं उत्तम.

गाडीचीच १२ व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर रिमोट ठणठणीत असूनही काही होत नाही. इलेक्ट्रिक गाडीलाही हे लागू आहे, मोठी बॅटरी भरलेली असली तरी लॉक चालतं ते छोट्या बॅटरीवर. ओळखायची खूण : हँडलचं बटण दाबल्यावर ना आवाज, ना इंडिकेटरची लुकलुक. तेव्हाही हीच धातूची चावी ड्रायव्हरचा दरवाजा उघडते. बाकीचे तीन उघडणार नाहीत, पण बॉनेटचा खटका हाताशी येतो आणि दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून जंप देता येतो.

जुन्या गाड्यांची युक्ती नव्यांत का चालत नाही

पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत लॉकची खुंटी दरवाजाच्या कडेवर वर-खाली व्हायची आणि तिच्यापासून लॅचपर्यंत, म्हणजे दार पकडून ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत, लोखंडी सळई सरळ खाली जायची. स्प्रिंग स्टीलची खाचा पाडलेली लांब पट्टी काचेलगत खाली सोडून ती सळई वर ओढली की दार उघडायचं. खुंटीचं डोकं जाड असेल तर पॅकिंगच्या प्लास्टिक पट्टीचा फासही पुरायचा. दरवाजाच्या फटीतून फास आत सोडायचा, खुंटीत अडकवायचा, आवळून वर खेचायचा. तुमच्याकडे अजून अशी गाडी असेल तर फासाची पद्धत आजही चालते आणि पट्टीपेक्षा बरी आहे, कारण ती दरवाजाच्या पोटात शिरत नाही.

नव्या गाडीत उभी सळई बहुधा नसते. आतल्या हँडलपासून लॅचपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी आवरणातली केबल असते, आणि लॅचवर मुद्दाम प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कवच बसवलेलं असतं. पट्टीला ओढायला काही सापडतच नाही. सापडतं ते भलतंच : पॉवर विंडोचं वायरिंग, काच उचलणारी केबल, स्पीकर. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा दाब ओळखणारा सेन्सरही दरवाजाच्या पोटातच असतो. सर्वांत त्रासदायक बिघाड म्हणजे बाहेरच्या हँडलकडून लॅचकडे जाणारी आखूड सळई तिच्या प्लास्टिक क्लिपमधून निसटणं. ती निसटली की खरी चावीसुद्धा नुसती गोल फिरते, दार उघडत नाही. मग आतलं पॅड काढल्याशिवाय इलाज नाही, आणि दार बंद असताना पॅड काढणं म्हणजे मोठंच संकट. चावीवाल्याने पिशवीतून लांब पट्टी काढलेली दिसली तर त्याला तिथेच थांबवा.

चांगल्या कारागिराकडे आता लिशी नावाचं हत्यार असतं. ते ठरावीक प्रकारच्या चावीच्या भोकासाठीच बनलेलं असतं आणि कुलूप चावीने उघडावं तसं, ओरखडाही न पाडता उघडतं. त्यासाठी तुमच्या मॉडेलचं हत्यार त्याच्याकडे हवं आणि भरपूर सराव हवा. म्हणून फोनवरच गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा की तो कशाने उघडणार. ‘बघू, आल्यावर ठरवू’ असं उत्तर आलं तर दुसऱ्याला फोन लावा. चावीसारख्या लोखंडी सळ्यांचा जुडगा भोकात घालून हलवणारेही असतात. त्याने पत्र्यांच्या कडा झिजतात आणि पुढे मूळ चावी अडकायला लागते.

फ्रेमवरून उघडणं : हवेची पिशवी आणि लांब सळई

रोडसाइडवाले वापरतात ती पद्धत हीच. सामान थोडं आहे : प्लास्टिकची पाचर, हाताने फुगवायची चपटी हवेची पिशवी (दोन असल्या तर उत्तम), पाच-सहा मि.मी. जाडीची, साधारण दीड मीटर लांब, टोकाला रबर लावलेली सळई, मास्किंग टेप, मऊ फडकं आणि टॉर्च.

जागा निवडणं सर्वांत महत्त्वाचं. पुढच्या दरवाजाचा वरचा मागचा कोपरा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, घ्यायचा. बिजागऱ्या पुढे असतात, त्यामुळे फ्रेमचा हा भाग त्यांच्यापासून सर्वांत लांब असतो आणि थोड्या दाबाने लवतो. आरशाजवळचा कोपरा कधीही घेऊ नका, तिथे फ्रेम लवत नाही, वाकते. ज्या गाडीच्या काचेभोवती फ्रेमच नाही तिच्यावर ही पद्धत अजिबात करू नका, काच जाते. आपल्याकडे बहुतेकांनी पावसासाठी काचेवर प्लास्टिकचे व्हायझर चिकटवलेले असतात. पाचर व्हायझरच्या मागच्या टोकाच्या पलीकडे लावा. व्हायझरखालून घातली तर तो तडकतो.

खांबाच्या आणि फ्रेमच्या कडेला टेप लावा. पाचर हाताने दाबून रबरी बीडिंगच्या आत सरकवा, हातोडी नको आणि स्क्रू ड्रायव्हर तर नकोच. स्क्रू ड्रायव्हरने पत्र्याला जी खोच पडते ती टच-अपने लपत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. पाचरेने झालेल्या फटीत रिकामी पिशवी निम्म्याहून जास्त आत जाईल अशी सारा. ती बीडिंगच्या आतल्या ओठापर्यंत पोचली नाही तर फुगल्यावर बाहेर उडते. आता हळू पंप करा. फट आठ-दहा मि.मी. झाली की थांबा. सळई पाच-सहाची आहे, त्याहून मोठी फट कशाला हवी? अशा पिशव्यांवर शंभर-सव्वाशे किलो उचलण्याची क्षमता लिहिलेली असते, म्हणजे फ्रेम कायमची वाकवायला ती पुरून उरते. फट कमी वाटत असेल तर एकाच पिशवीत हवा कोंबण्यापेक्षा दुसरी पिशवी वीस-पंचवीस सें.मी. खाली लावा, म्हणजे ताण एका जागी येणार नाही.

सळईला फडकं गुंडाळून आत घाला. आतल्या सनफिल्मवर तिचं टोक घासलं तर लांब चरा उठतो, म्हणून टोक काचेपासून दूर, सीटच्या बाजूला ठेवत न्या. एकट्याने हे काम करू नका. दुसऱ्याने पलीकडच्या काचेला टॉर्च लावून आत बघायचं आणि बोलत राहायचं : थोडं पुढे, आता खाली, बोटभर उजवीकडे, दाब. सळई धरणाऱ्याला स्वतःच्या बाजूने टोक धड दिसत नाही, आणि दीड मीटर लांबीवर हाताची जराशी हालचाल टोकाशी वीतभर होते.

नेम कशावर धरायचा हे गाडीवर अवलंबून आहे. दरवाजावर किंवा डॅशबोर्डवर सेंट्रल लॉकचं बटण असेल तर आधी ते. मात्र रिमोटने लॉक केल्यावर काही गाड्या हे बटण निकामी करतात. दाबलं आणि काहीच झालं नाही तर दाबत बसू नका, आतल्या हँडलकडे जा. बऱ्याच गाड्यांत पुढचं हँडल पहिल्या ओढीत लॉक सोडतं आणि दुसऱ्या ओढीत दार उघडतं, त्यामुळे एकदा ओढून झालं नाही म्हणून हार मानू नका. सळईचं टोक आकड्यासारखं वाकवून हँडलच्या मागे घालायचं आणि स्वतःकडे खेचायचं. मागच्या दरवाजाचं हँडल धरू नका, तिथे चाइल्ड लॉक लावलेलं असू शकतं. पॉवर विंडोचं बटण इग्निशन बंद असताना सहसा चालत नाही. गाडी सुरूच राहिली असेल तर मात्र काच खाली करणं सर्वांत सोपं.

काही युरोपीय गाड्यांत रिमोटने लॉक केल्यावर डेडलॉक लागतं. मग आतलं हँडल आणि बटण दोन्ही निकामी होतात, सळई काहीही करू शकत नाही. अशा गाडीत चावीचं भोक किंवा दुसरी चावी, दोनच रस्ते.

लॉक सुटल्याचा आवाज आला की लगेच दार ओढू नका. आधी पिशवीतली हवा सोडा, मग सळई काढा, मग पिशवी. अलार्म वाजेल याची वॉचमनला आधीच कल्पना द्या. चावी हातात आल्यावर अनलॉक दाबलं की तो थांबतो.

काच फोडायची वेळ आली तर

आत माणूस अडकला असेल तर एकाने ११२ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने काम सुरू करायचं. इंजिन आणि एसी चालू असेल तर थोडा वेळ हाताशी आहे. तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये मात्र नाही, धूर साठतो. मूल समजत्या वयाचं असेल तर काचेतून हँडल ओढायची खूण करा, किंवा रिमोट त्याच्या हातात असेल तर बटण दाखवा. दोन-तीन मिनिटांत जमलं नाही, किंवा मूल सुस्तावलं, घाम यायचा थांबला, तर काच फोडा.

मुलापासून सर्वांत लांबच्या दरवाजाची काच निवडा. समोरची काच नाही. ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड असते, तडे जातात पण भोक पडत नाही. दरवाजाच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे फुटल्यावर दाणे होणाऱ्या, असतात, काही महागड्या गाड्यांत त्याही लॅमिनेटेड असतात. काचेच्या कोपऱ्यातल्या छापात प्रकार लिहिलेला असतो. मागची छोटी त्रिकोणी काच स्वस्त पडेल असं वाटतं, पण ती बऱ्याचदा चिकटवलेली असते आणि बदलायला जास्त त्रास देते. शिवाय तिच्यातून हात पोचेलच असं नाही.

मधोमध दगड मारला तर काच लवते आणि दगड उलटून अंगावर येतो. फोडायची ती कोपऱ्यात, कडेपासून चार-पाच सें.मी. आत. स्प्रिंगचा सेंटर पंच सर्वांत उत्तम, टेकवून दाबला की टक्कन आवाज होऊन पूर्ण काच दाण्यांसारखी भुगा होते. तो नसेल तर दुसऱ्या गाडीतला व्हील पाना मागा आणि त्याच्या टोकदार बाजूने कोपऱ्यातच मारा. डोळे वळवा, हाताला जाड कापड गुंडाळा. सनफिल्म असेल तर काच फुटूनही जागेवर चादरीसारखी उभी राहते. कापड लावून कोपराने आत ढकला. सीटच्या हेडरेस्टच्या दांड्याने काच फोडण्याची युक्ती आतून बाहेर पडण्यासाठी असते, बाहेर उभ्या माणसाला हेडरेस्ट मिळणार कुठून?

फॉरवर्डमधले दोन उपाय

टेनिसचा चेंडू भोक पाडून चावीच्या छिद्रावर दाबला की हवेने लॉक उघडतं, हे खोटं आहे. सेंट्रल लॉक विजेच्या मोटरवर चालतं, आणि चावीच्या भोकातून हवा कोंबून लॅच हलवायचा मार्गच नसतो. घरी ठेवलेला रिमोट फोनच्या माइकजवळ दाबून इकडे फोन गाडीला लावायचा, हेही खोटं. रिमोट रेडिओ लहरी सोडतो, आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि फोन फक्त आवाज पोचवतो.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

नवी गाडी घेताना चावीच्या जुडग्याला नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळाली असेल तर ती काढून घरी कागदपत्रांत ठेवा. त्या नंबरावरून गाडी समोर नसतानाही चावी कापता येते. आणि चिप नसलेली साधी धातूची चावी कापून घ्या. ती इंजिन सुरू करू शकत नाही, कारण इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चिप मागतो, पण दरवाजा उघडते. किंमत रिमोटच्या चावीच्या मानाने नगण्य. ती पाकिटात ठेवा, बंपरखाली चुंबकाच्या डबीत नको, चोर तिथेच पहिल्यांदा हात घालतो. दर सहा महिन्यांनी तिने एकदा ड्रायव्हरचं दार उघडून बघा, म्हणजे भोक जाम होत नाही. स्मार्ट रिमोट डब्याच्या पिशवीत किंवा लॅपटॉपला चिकटून डिकीत ठेवू नका. धातूआड तो गाडीला दिसत नाही आणि आत असतानाही गाडी लॉक होऊ शकते.

पिशवी-सळईने दार उघडलं असेल तर त्याच दिवशी फ्रेम तपासा. कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून दार लावा आणि ओढा. सगळीकडे ती सारख्याच ताणाने यायला हवी. वरच्या मागच्या कोपऱ्यात सहज निघाली तर फ्रेम बाहेर आली आहे. नंतर पाइपने त्या कोपऱ्यावर पाच मिनिटं पाणी सोडा आणि आतून बोट फिरवून बघा. ओल लागली तर डेंटिंगवाल्याकडून फ्रेम बसवून घ्या. नवीन बीडिंग टाकून ही गळती थांबत नाही.